बुसैतीनचे बुलबुल आणि बाळाची अंघोळ

लेकीच्या बाळंतपणाला बहरीनला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत डिंक होता, आळीव होते, बाळंतशेपा, वेखंड आणि जुन्या लुगड्यांची दुपटी होती. अंघोळीचा लाकडी पाटसुद्धा नेणार होते. जावयांनी व्हिडिओ कॉलवर हात जोडले म्हणून राहिला.

घर बुसैतीनला, पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण राहते. माझ्याच वयाची अरबी बाई, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. तिच्या अंगणात एक बोरीचं झाड आहे. वर आमची गॅलरी आणि गॅलरीत लेकीने मोठ्या कुंडीत वाढवलेला कढीपत्ता. पहिल्याच आठवड्यात मी बाळाला ओव्याची धुरी दिली आणि छतावरचा धुराचा अलार्म असा काही बोंबलायला लागला की घरमालकीण जिना चढून धावत आली. मी निखारे दाखवले, बाळ दाखवलं. ती पोट धरून हसली. तिच्याही घरात रोज ऊद जळतो, फक्त खिडकी उघडी ठेवून. "खलास, खलास," म्हणत तिने आमची खिडकी उघडली आणि दुसऱ्या दिवशी खजुराचा डबा वर पाठवला.

त्यातले चार खजूर मी गॅलरीच्या कठड्यावर ठेवले आणि माझी बुलबुलांशी ओळख झाली. आमच्या कोकणात बुलबुल बुडाखाली लाल असतो. हा पिवळा, आणि दोन्ही गाल पावडर थापल्यासारखे पांढरे. लाजबीज काही नाही. एकजण आला, चोच मारून बघितली आणि आधी ओरडून बाकीच्यांना बोलावलं. मग सगळी वरात. एकट्याने गपचूप खाणं यांना ठाऊकच नाही. दुपारी सावलीत बसतील तेसुद्धा एकमेकांना खेटून, आणि बसल्या बसल्या गप्पा चालूच. कुंपणावर मांजर दिसलं की आसपासच्या झाडांवरचे सगळे जमायचे आणि ते बिचारं निघून जाईपर्यंत त्याचा उद्धार करायचे. मला ही मंडळी फार आवडली. इथे जिन्यात कोणी भेटलं तर नुसती मान हलवतं. बोलायला माणसं नाहीत म्हणून मी आधी कंटाळले होते, ते बुलबुलांमुळे विसरले.

त्यातल्याच एका जोडीने आमच्या कढीपत्त्यात घरटं केलं. मी त्या दिवसापासून एक पान तोडू दिलं नाही. जावई जेवताना म्हणाले, "आई, आमटी कशीतरीच लागते हो."

म्हटलं, "लागू दे. तिथे बाळंतीण बसली आहे."

सगळं छान चाललं होतं, पण एका गोष्टीने माझा जीव टांगणीला लागला होता. माझा व्हिसा संपत आला होता आणि लेकीने बाळाला एकदाही न्हाऊ घातलं नव्हतं. आमच्याकडे बाळाची अंघोळ पायांवर. बसायचं, पाय लांब करायचे, त्यावर बाळ पालथं घालायचं, तेल चोळायचं, पाणी घालायचं. लेक बँकेत मोठमोठे हिशोब सांभाळते, पण बाळ पायांवर आलं की ती त्याला दोन्ही हातांनी धरूनच बसायची. "आई, निसटेल गं," म्हणाली की मी म्हणायचे, "सरक तिकडे," आणि उरकून टाकायचे. मग दिवसभर मीच काळजी करायची, की मी गेल्यावर हिचं कसं होणार?

पिल्लांना पिसं फुटली आणि एक दिवस बुलबुलीण खजुराचा तुकडा चोचीत धरून कठड्यावर बसली ती बसलीच. घरट्यात जाईना. पिल्लांनी आ वासून आकांत मांडलेला. मी म्हटलं, "अगं बये, दे की. लेकरं भुकेने मरतील." ती ढिम्म. बाप आला, तोही तिच्या शेजारी तसाच बसला. माझं डोकंच फिरलं. खजूर कुस्करला आणि निघाले घरट्याकडे.

लेकीने माझा हात धरला. "आई, तू नको मध्ये पडूस."

आम्ही दोघी दारातून बघत राहिलो. बऱ्याच वेळाने एक पिल्लू फांदीवर चढलं, डुगडुगलं आणि धपकन कठड्यावर आलं. तेव्हा कुठे त्याला घास मिळाला. संध्याकाळपर्यंत सगळी पिल्लं खालच्या बोरीवर पोचली आणि तिथे त्यांच्याभोवती नातेवाइकांचा हा गोंधळ. माझ्या हातातला खजूर चिकट होऊन तसाच राहिला होता. लेकीने तो काढून घेतला आणि म्हणाली, "उद्या बाळाला मी न्हाऊ घालते. तू हॉलमध्ये बसायचं."

दुसऱ्या दिवशी न्हाणीघराचं दार आतून बंद झालं. घरमालकीण चहाचा थर्मास घेऊन वर आली होती, तिला मी खुणेनेच सगळं सांगितलं. ती माझ्या शेजारी बसली. आतून तांब्याचा आवाज आला आणि बाळाने टाहो फोडला. मी ताडकन उठले.

आतून लेक म्हणाली, "आई, येऊ नकोस."

बंद दाराआडून तिला कसं कळलं असेल? घरमालकिणीने माझा पदर धरून मला खाली बसवलं आणि हातात चहा दिला. मला रडू येत होतं. आपली गरज संपली म्हणून की सुटले म्हणून, ते मला आजही सांगता यायचं नाही. आतलं बाळाचं रडणं हळूहळू थांबलं. दार उघडलं तर बाळ दुपट्यात कोरडं ठणठणीत आणि त्याची आई नखशिखांत भिजलेली. आम्ही तिघी खूप हसलो.

आता मी दापोलीत माझ्या घरी आहे. रोज सकाळी लेक वॉशिंग मशीनवर फोन उभा करते आणि मी बाळाची अंघोळ बघते. तोंड गप्प बसत नाही. मानेखाली हात धर, डोळ्यांत पाणी जातंय, कान पूस, असं चालूच असतं. मग ती म्हणते, "आई, काही ऐकू येत नाहीये गं. नेट खराब आहे."

नेट चांगलं असतं. बोरीवरचे बुलबुल मला इथे स्पष्ट ऐकू येतात.