शताधिपतीच्या टोपासाठी कतारभर

परदेशातल्या भावाला "येताना काय आणू?" असं विचारलं की सुकट, बोंबील, मसाला अशी उत्तरं येतात. माझा धाकटा भाऊ विल्सन म्हणाला, "बाय, रोमन शिपायाचं हेल्मेट मिळालं तर आण. माझ्या डोक्यात बसेल असं. आणि फार महाग नको."

मी वसईची निवृत्त शिक्षिका. शाळेच्या नाटकांसाठी ज्या दुकानातून भाड्याने कपडे आणायचो, तिथे जाऊन चौकशी केली. दुकानदाराने आधी भीमाचा मुकुट काढला, मग मावळ्याचं पागोटं, आणि शेवटी म्हणाला, "बाई, लांबून कुणाला कळतंय?" मी टोपाशिवायच दोह्याच्या विमानात बसले. बोंबील मात्र घेतले होते.

उतरताना खाली उथळ, पोपटी समुद्र दिसला. मग एकदम वाळू, आणि वाळूच्या कडेला वेस्ट बेचे काचेचे मनोरे. त्यांतल्याच एका मनोऱ्यात विल्सन इंजिनियरिंग कंपनीचे नकाशे काढतो. विमानतळावर तो हात पसरून उभा होता. मिठी मारता मारता त्याने विचारलं, "मिळालं?" मी मान हलवली. त्याचा चेहरा असा पडला की शेजारी उभ्या असलेल्या जसिंताला हसू आवरेना. जसिंता म्हणजे माझी भावजय. इथल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. अंगाने बारीक, बोलणं कमी. फोनवरही "बाय, बरी आहेस ना?" एवढं विचारून फोन विल्सनकडे देणारी.

अल रय्यानमधल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचल्यावर सगळा उलगडा झाला. इथली आपली वसई-मुंबईकडची मंडळी दरवर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात चर्चच्या आवारात येशूच्या दुःखसहनाचं मराठी नाटक करतात. विल्सन त्यात रोमी शताधिपती असतो, म्हणजे शंभर शिपायांचा नायक. क्रुसाखाली उभं राहून त्याला एकच वाक्य बोलायचं असतं. "खरोखर, हा देवाचा पुत्र होता!" गेल्या वर्षी त्या क्षणी घामाने पुठ्ठ्याचा टोप सुटला आणि नाकापर्यंत खाली आला. सोनेरी कागदाच्या आतून विल्सनचं वाक्य आलं. पुढच्या रांगेतले लोक माना खाली घालून हसत होते.

"माझी आई गेली त्या वर्षी मी हा रोल घेतलाय," विल्सन मला म्हणाला. "लोकांनी हसावं म्हणून नाही. या वर्षी खरा टोप, नाहीतर खलास. मी करत नाही."

आई माझीही होती. मी म्हटलं, "चल, शोधू."

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं सूक वाकिफ या जुन्या बाजारात गेलो. मातीच्या रंगाच्या भिंती, वेलची-केशराचा वास, खांबांवर डोळे झाकून बसलेले ससाणे. पितळी वस्तूंच्या एका दुकानात रोमी टोप दिसला आणि मी लहान मुलासारखी ओरडले. मालकाने तो काढून माझ्या हातात दिला. टेबलावर ठेवायची शोभेची वस्तू! नारळावरही बसला नसता. दुसरीकडे कपड्यांच्या दुकानात प्लास्टिकचा मिळाला, त्यावर 'वय पाच ते सात' असं लिहिलं होतं. परदेशातून मागवायचा तर त्याची किंमत माझ्या विमानाच्या तिकिटाएवढी. दमून आम्ही करक (दूध आणि वेलची घालून कढवलेला कडक चहा) प्यायलो. विल्सन म्हणाला, "माझं डोकंच चुकीचं आहे." हे मात्र खरं आहे. लहानपणी त्याच्या डोक्यावरून कुठलाच बनियन धड खाली उतरत नसे.

दोन दिवसांनी ड्युटीवरून आलेल्या जसिंताने चपला काढता काढता मोबाईल पुढे केला. जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या पानावर एक जाहिरात होती: रोमन टोप, लोखंडी, लाल तुऱ्यासकट. किंमत परवडणारी. गाव अल रुवैस.

"यल्ला!" (चला!) विल्सन म्हणाला.

अल रुवैस कतारच्या अगदी उत्तर टोकाला. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना सपाट, फिकट वाळवंट. मधूनच उंटांचा कळप दिसायचा. वसईच्या केळीच्या बागांत वाढलेल्या माझ्या डोळ्यांना एवढ्या मोकळेपणाची सवय नव्हती, पण तासाभराने तो आवडायला लागला. मग समुद्र आला. ओहोटी होती, लाकडी होड्या चिखलात कलंडल्या होत्या आणि धक्क्यावर हमूर (आपला हेकरू) विकायला मांडला होता. मासळीच्या वासाने मला घरी आल्यासारखं वाटलं.

जाहिरात देणारे अबू खालिद नावाचे आजोबा होते. पांढरी दाढी, पांढरा थोब (पायघोळ अंगरखा). आमचं इंग्रजी ऐकून त्यांनी थेट हिंदीच सुरू केली. "मेरा बाप बंबई जाता था. मैं भी गया, छोटा था." अंगणातल्या बाकावर आम्हाला बसवून त्यांनी गहवा (फिकट, वेलचीची कॉफी) आणि खजूर पुढे केले. कप पुरे झाला की तो हलवायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी रिकामा करत गेले, ते भरत गेले. शेवटी जसिंताने माझं मनगट धरून हलवलं.

मग टोप आला. खरा, जड, गालांवर येणाऱ्या पट्ट्यांचा. त्यांच्या मुलाने कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मागवला होता आणि मग विसरून गेला होता. आतल्या कातड्यावर शिक्का होता: मेड इन इंडिया. "तुम्हारे मुल्क का है," आजोबा खो खो हसत म्हणाले. "काहे के लिए चाहिए?"

विल्सन जरा चाचरला. "नाटक है. चर्च में. ईसा का."

आजोबांनी हात छातीवर ठेवला. "ईसा, अलैहिस्सलाम," (त्यांच्यावर शांती असो) ते अदबीने म्हणाले. "पहनो, देखो."

विल्सनने घातला. कानांपाशी अडला. त्याने जोर लावला. टोप कानांखाली गेला आणि तिथेच बसला.

आधी आम्ही हसलो. मग आजोबांनी ओढून पाहिलं, मी ओढून पाहिलं. विल्सनचा चेहरा तुऱ्याच्या रंगाचा झाला. आतून "बाय, कान गेला!" असा आवाज येऊ लागला. मी साबण आणा म्हणत होते, आजोबा कुणाला तरी अरबीत हाका मारत होते, विल्सन उठून भिंतीला डोकं टेकवत होता.

"सगळे बाजूला व्हा!"

तो आवाज जसिंताचा होता. आजोबासुद्धा दोन पावलं मागे सरले.

"विल्सन, खाली बस. मान पुढे. श्वास घे. चाचा, तेल चाहिए, कोई भी."

घरातून तेलाची बाटली आली. जसिंताने बोटांनी कानांच्या मागे तेल सोडलं, एक कान दुमडून धरला, आणि टोप तिरका करत, विल्सनशी हळू बोलत, अलगद उपसून काढला. विल्सनचं डोकं तेलाने चमकत होतं. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आत पॅडिंग आहे, ते काढलं तर?"

"पॅडिंग नाहीच आहे," जसिंता म्हणाली.

आजोबांनी टोप पुसला आणि तिच्यापुढे धरला. "तुम पहनो."

"मैं? नहीं, नहीं."

"देखो तो."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि घातला. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही. गालांच्या पट्ट्या जिथे हव्यात तिथे. आपोआप तिची पाठ ताठ झाली. आजोबांनी टाळी वाजवली. मीही वाजवली. विल्सन कान चोळत बघत राहिला.

टोप आम्ही घेतला, पण का घेतोय हे कुणीच बोललं नाही. परतीच्या रस्त्यावर विल्सन सारखा आरशातून मागच्या टोपाकडे बघत होता. मला वाईट वाटत होतं; आईच्या आठवणीने धरलेली भूमिका त्याच्या हातून निसटत होती. एका पेट्रोलपंपावर करक घेताना तो अचानक म्हणाला, "जसिंता, ते वाक्य म्हण."

"कुठलं?"

"माझं. रोज स्वयंपाकघरातून मला चुका सांगतेस ना? म्हण."

ती गाडीला टेकून उभी होती, हातात कागदी कप. तिने म्हटलं. मोठ्याने नाही, अभिनय नाही. नुकतंच कळलेलं कुणी सांगावं, तसं. विल्सनने चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "मी हे इतकी वर्षं ओरडत होतो."

तालमीला नाटक बसवणारे ऑस्कर चक्रावले. "अरे, रोमी सैन्यात बाई?"

"ऑस्कर, टोप एकच आहे आणि तो तिच्याच डोक्यात बसतो."

"मग तू काय करणार?"

"शिमोन कोण करतोय?"

कुरेनेकर शिमोन, म्हणजे वाटेत येशूचा क्रूस खांद्यावर घेणारा माणूस. तो करणारे गृहस्थ सुट्टीवर गावी निघाले होते. "मला दे," विल्सन म्हणाला. "त्याला टोप लागत नाही."

शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्चच्या फाटकावर पहारेकऱ्याने पिशवी उघडली, टोप पाहिला, जसिंताकडे पाहिलं आणि कडक सलाम ठोकला. ऊन उतरत होतं. आवार माणसांनी भरलं होतं. विल्सनने क्रूस उचलला तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या; तो चुकूनही प्रेक्षकांकडे बघत नव्हता. आणि शेवटी लाल तुऱ्याखालचा तो लहानसा चेहरा वर झाला, जसिंताने वाक्य उच्चारलं, आणि रडणारी तान्ही मुलंसुद्धा थांबल्यासारखी वाटली. कुणी हसलं नाही. विल्सन मंचाच्या कडेला गुडघ्यांवर होता. तो रडत होता, आणि ते नाटकात नव्हतं.

ईस्टरच्या जेवणाला हमूरचं कालवण, मटण आणि माझे बोंबील होते. शेजारच्या बायका जसिंताच्या हातून टोप घेऊन आळीपाळीने फोटो काढत होत्या. ती मध्ये बसून मोठमोठ्याने हसत होती.

परतीच्या विमानात शेजारी साताऱ्याकडचा एक वेल्डर होता, खूप दिवसांनी सुट्टीवर घरी निघालेला. त्याने विचारलं, "काकू, काय काय बघितलं दोह्यात?"

मी मनोऱ्यांचं, बाजाराचं, वाळवंटाचं सांगायला तोंड उघडलं. पण बाहेर पडलं ते असं: "माझी भावजय बघितली."

"पहिल्यांदाच भेटलात का?" त्याने विचारलं.

लग्नात मीच तिच्या डोक्यावरची पांढरी जाळी नीट केली होती. सणासुदीला तिच्या हातचं खाल्लं होतं, तिच्या आजारपणात उशाशी बसले होते.

"हो," मी म्हणाले. "पहिल्यांदाच."