एक्क्याण्णव डिग्री

तळेगाव स्टेशनाजवळच्या गल्लीत युनूस शिकलगार यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि दुकानात एक पाटी होती : ‘प्रोसेसरचा कूलर कुठलाही घ्या. फरक एका डिग्रीचा.’ महाग वस्तू घेऊ नका, असं गिऱ्हाइकाला सांगणारा दुकानदार विरळाच. त्यामुळे सोमाटण्यापासून भाजे गावापर्यंत युनूसभाईंच्या शब्दाला मान होता, आणि तो त्यांना आवडत होता.

पाटी हवेतून आलेली नव्हती. प्रोसेसरबरोबर मिळालेला, त्याला गार ठेवणारा कूलर कमी पडला की लोक वेगळा घेतात. तो कुठला घ्यावा, याचा युनूसभाईंनी चार वर्षं अभ्यास केला होता. दुकानातल्या एकाच मशीनवर प्रत्येक नवा कूलर बसवायचा, अर्धा तास जड काम चालवायचं आणि तापमान वहीत लिहायचं. बुटका, एका पंख्याचा : एक्क्याण्णव. उंच, तांब्याच्या नळ्यांचा : ब्याण्णव. दोन पंख्यांचा, विटेएवढ्या वजनाचा : एक्क्याण्णव. मग कूलर पुसून खोक्यात आणि खोकं विक्रीला. सगळ्या कंपन्या लबाड आहेत, असा निष्कर्ष त्यांनी नाइलाजाने काढला होता. नाइलाज फारसा नव्हताच म्हणा.

एक गोष्ट मात्र वहीत नव्हती. कूलर प्रोसेसरला जिथे टेकतो, त्या बुडाला पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. ते युनूसभाई काढत नसत. धंद्याच्या पहिल्याच वर्षी सोपान गराडे यांनी नवा मॉनिटर परत आणून आपटला होता. “काचंवरचं प्लॅस्टिक कुटं गेलं? वापरल्याला माल देतोस व्हय मला?” असं चार माणसांत ऐकवलं होतं. तेव्हापासून नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढायचा मान गिऱ्हाइकाचा, हा दुकानाचा नियम झाला. बुडाच्या प्लॅस्टिकवर लाल इंग्रजी अक्षरांत ‘बसवण्यापूर्वी काढा’ असं छापलेलं असे. युनूसभाईंनी ते वाचलं होतं. ती सूचना मालकासाठी आहे, असं त्यांचं मत होतं. एकदा कूलर बसल्यावर मालक तिथे बोट कसं घालणार, हा विचार त्यांना कधी शिवला नाही.

एप्रिलातल्या एका रविवारी सकाळी अनघाचा फोन आला. अनघा म्हणजे भाज्याच्या भिकाजी ओव्हाळांची मुलगी. तळेगावच्या एका कारखान्यासाठी ती घरी बसून साच्यांची ड्रॉइंग करायची. तिच्या मशीनला कूलर युनूसभाईंनीच दोन वर्षांपूर्वी दिवाळीत बसवला होता.

“काका, मोठं ड्रॉइंग उघडलं की मशीन तापून बंद पडतं. उद्या सकाळी काम द्यायचंय, ते काही होत नाही. काम सोडते असं कळवणार आहे. शेवटचं विचारते, दुसरा कूलर लावून बघू का?”

“उगाच खर्चात पडू नकोस. सगळे सारखेच,” युनूसभाई म्हणाले. आपल्या सचोटीचं त्यांना बरं वाटलं. अनघा “बरं” म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुपारी जेवून ते सोफ्यावर आडवे झाले. सोफा घेतल्याला सहा वर्षं झाली होती आणि त्याचं प्लॅस्टिक अजून शाबूत होतं. ते काढू देत नाहीत म्हणून त्यांची बायको मदिना सहा वर्षं फरशीवर बसत होती. युनूसभाईंची पाठ घामाने भिजली. “या सोफ्यात काय भट्टी आहे काय!” ते वैतागले.

“अहो, सोफा गार आहे. तापतंय ते तुमचं प्लॅस्टिक.” मदिनाने कोपऱ्यावरचं प्लॅस्टिक उचकटलं आणि त्यांचा हात धरून आतल्या कापडावर ठेवला.

कापड खरंच गार होतं. युनूसभाईंनी हात तसाच ठेवला, मग उठले आणि चपला घालून दुकानात गेले. बुटक्याचं प्लॅस्टिक ओढून काढलं : चौऱ्याहत्तर. उंचाचं काढलं : सहासष्ट. विटेचं काढलं : एकसष्ट. तेरा डिग्रीचा फरक! त्यांनी चार वर्षांची वही मिटली.

वीट पिशवीत घालून त्यांनी स्कूटरला किक मारली. कामशेत येईपर्यंत बेत तयार होता. वीट बसवायची, “हा नवा माल निघालाय” म्हणायचं, जुना कूलर गुपचूप पिशवीत. काम वाचेल, नावही वाचेल.

दारात भिकाजी उभे होते. “या युनूसभाऊ. पोरगी सकाळधरनं जेवली न्हाई. म्या तिला म्हनलं, भाऊ सांगत्यात म्हंजी कूलर बराबर हाय, तुजंच कायतरी चुकत आसंल.”

“माझंच चुकतंय काका,” अनघा आतून म्हणाली. “माझी ड्रॉइंगच जड होतात. दोन वर्षं मी एकेक भाग कमी करत आले, तरी जमत नाही.”

युनूसभाईंनी पिशवी उंबऱ्यातच ठेवली. ते मशीनपाशी गेले, स्क्रू काढले आणि जुना कूलर उलटा करून तिच्यापुढे धरला. बुडाला उष्णता वाहून नेणारी पेस्ट माखलेली होती आणि पेस्टखाली लाल अक्षरं दिसत होती.

“तुझं काही चुकलेलं नाही. हे मी काढायला हवं होतं. दोन वर्षं माझ्यामुळे गेली तुझी.”

अनघाने अक्षरं वाचली, मग परत वाचली. भिकाजींनी युनूसभाईंकडे न बघता पोरीचं झाकलेलं ताट तिच्यापुढे सरकवलं. ते युनूसभाईंना फार लागलं.

प्लॅस्टिक तिनेच काढलं. पेस्ट पुसून, नवी लावून त्यांनी तोच कूलर परत बसवला. अनघाने एक जुनी फाइल उघडली, आणि दोन वर्षांत काढून टाकलेला एकेक भाग जागच्या जागी लावत गेली. युनूसभाई शेजारी उभं राहून आकडा बघत होते. तो सदुसष्टच्या पुढे गेला नाही. ती मान खाली घालून काम करत होती आणि मध्येच बाहीने डोळे पुसत होती.

घरी आल्यावर त्यांनी मदिनाला सगळं सांगितलं. उद्या पाटी उतरवायची आणि तिथे लिहायचं : ‘माझे सगळे आकडे चुकले. ज्यांनी ऐकलं त्यांनी मशीन घेऊन या.’ मग खिशातून ते लाल अक्षरांचं प्लॅस्टिक काढून तिच्या हातावर ठेवलं.

मदिनाने ते उलटसुलट करून पाहिलं, मग सोफ्याकडे पाहिलं आणि कात्री आणायला उठली.