एका कुल्ल्यावरचा ड्रायव्हर

आळेफाटा ते जुन्नर काळी-पिवळी जीप चालवणारा दस्तगीर कुणाच्या बापाला भीत नाही, असं दस्तगीरच सांगत असे. पोलिसाला भीत नाही, आरटीओला भीत नाही, अंगावर येणाऱ्या ट्रकला तर मुळीच नाही. त्याची बायको जोहराबी हे सगळं ऐकून घ्यायची आणि चुलीकडं तोंड करून नाक मुरडायची. ह्या वाघाला माकडहाडावर गळू झालं होतं आणि ते डॉक्टरला दाखवायची त्याची छाती होत नव्हती.

स्टँडची रीत अशी की पुढच्या सीटवर ड्रायव्हर धरून पाच जण कोंबायचे. पाचव्याला जागा म्हणजे ड्रायव्हरनं दाराकडं सरकायचं, अर्धं बूड हवेत ठेवायचं आणि उरलेल्या एका कुल्ल्यावर जुन्नरपर्यंत हादरे खायचे. दस्तगीरला ह्याचा कोण अभिमान! दारातून लोंबकळत गाडी हाणणं म्हणजे जणू कुणी छातीवर बिल्ला लावला होता. घामानं पँट भिजायची, खालचे केस घासून घासून कातडीत घुसायचे, हे त्याच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं. डोकं तो फक्त टोपी घालायला वापरायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पँटला मागून डाग पडायला लागला. स्टँडवर त्यानं सांगितलं, मणक्याचा त्रास आहे. मेडिकलवाल्याला सांगितलं, मूळव्याध आहे. मेडिकलवाल्यानं मलम दिलं आणि हा शहाणा ते महिनाभर मूळव्याधीच्या जागी लावत बसला. दुखत होतं वर, मलम खाली. जोहराबीनं एकदा विचारलं, "अवो, पण गळतंय कुठनं ते तरी मला बघू द्या." तर म्हणे, "तुला काय कळतंय त्यातलं?"

शेवटी चावी वळवायला वाकलं तरी डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा जोहराबीनं त्याला मंचरला नेलं. सर्जन नवी आहे पण हात चांगला आहे, असं तिच्या बहिणीनं सांगितलं होतं. सर्जन नवीन आहे एवढं जोहराबीनं नवऱ्याला सांगितलं, बाई आहे हे मुद्दामच सांगितलं नाही. दार उघडून दस्तगीर आत गेला, समोर डॉक्टर तेजस्विनी बसलेल्या बघितल्या आणि जागच्या जागी थिजला.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाठ दुखतीया."

"पाठ न्हाई दुखत," जोहराबी म्हणाली. "खाली माकडहाडावर भोक पडलंय. पू येतो."

डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा केसांचा आजार आहे, बसून काम करणाऱ्या तरुण माणसांना होतो, ड्रायव्हरांना तर हमखास. दोन वाटा आहेत. एक म्हणजे सगळा भाग खोल कापून काढायचा. जखम उघडी ठेवतात, भरायला महिने जातात. दुसरी म्हणजे जागेवर भूल देऊन तेवढी छोटी भोकं कोरायची, आतले केस ओढून काढायचे, जागा साफ करायची. माणूस त्याच दिवशी घरी जातो. "पण छोटं काम सगळ्यांना चालत नाही. आत किती पसरलंय ते बघूनच सांगता येईल. परत उद्भवूही शकतं. आणि काहीही केलं तरी तिथले केस काढत राहावं लागतं. झोपा पालथे, बघते."

दस्तगीरनं पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. "नगं. बरं वाटतंय आता," म्हणाला आणि बाहेर पडला.

एसटीत जागा असून तो आळेफाट्यापर्यंत उभा राहिला. घरी आल्यावर मात्र त्याला कंठ फुटला. "बायामाणसासमोर पँट सोडू? इज्जत हाय का न्हाई मला?"

"मग बसा जन्मभर एका कुल्ल्यावर," जोहराबी म्हणाली.

त्यानं बाप्या डॉक्टर शोधला. पुण्यात, मोठ्या हॉस्पिटलात. तिथं त्याला रीतसर भूल देऊन मूठ बसेल एवढं कापलं आणि जखम उघडी ठेवून घरी पाठवलं. आतून भरत येईल, रोज पट्टी बदला. त्या डॉक्टरांची काही चूक नव्हती, मोठ्या वाटेचा दस्तूरच तसा. आता रोज पट्टी कोण बदलणार? सकाळी दवाखान्यातली कोंडाबाई नर्स यायची, संध्याकाळी जोहराबी. एका बाईनं एकदा बघू नये म्हणून ह्या इज्जतदारानं सगळा पावसाळा दोन बायकांसमोर पालथं पडून काढला. कोंडाबाई जखमेत जाळीची पट्टी खुपसायची तेव्हा हा "या अल्ला" म्हणून उशी चावायचा. जोहराबीला पहिल्यांदा कीव आली, मग कंटाळा आला आणि मग चीड आली, ती काही पुढं गेली नाही. जीप दारात उभी राहून तिच्या चाकांभोवती गवत उगवलं.

भरलं एकदाचं. पहिल्याच फेरीला गड्यानं पाचवं शीट पुढं घेतलं आणि दारात लोंबकळला. केस काढायचे असतात हे तर त्यानं पुण्यातून निघतानाच विसरून टाकलं होतं. चार-पाच वर्षांनी त्याच व्रणाच्या टोकाला परत ओल आली.

ह्या वेळी जोहराबीनं विचारलं नाही. दुसऱ्याच्या जीपमध्ये घालून त्याला मंचरला नेलं. दस्तगीर गुमान पालथा झाला. डॉक्टर तेजस्विनींनी तपासलं, फार पसरलं नाही म्हणाल्या, आणि सुई देऊन भोकं कोरली. चिमट्यानं केसांचा पुंजका बाहेर काढून त्यांनी जोहराबीला दाखवला. मोरीच्या जाळीत अडकतो तसला. दस्तगीर उठला, पँट चढवली आणि आपल्या पायांनी बाहेर आला. आठवड्यात गाडीवर बसला, दोन्ही कुल्ल्यांवर. पाचवं शीट बंद झालं आणि दर शुक्रवारी नमाजाआधी जोहराबी वस्तऱ्यानं ती जागा साफ करायला लागली.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण स्टँडवर त्यानं काय सांगावं? "पुण्याच्या सर्जननं केलं. बघा, पयल्यासारखा बसतो."

मग एके दिवशी समाधान घरी आला. निरगुडसरचा पोरगेला ड्रायव्हर, नुकतीच स्वतःची जीप घेतलेला, घरात तान्हं मूल. बसा म्हटलं तर बसेना. जोहराबी आत पीठ चाळत होती. तिला न बघताच कळलं.

"दस्तगीरभाई, तुमाला व्हतं तसलंच झालंया. कुठं केलं तुमी?"

"पुण्याला जा," दस्तगीर म्हणाला. "खोल कापत्यात, पर काम पक्कं. मर्दानं तेवढं सोसावं."

जोहराबीच्या हातातली चाळण थांबली. घाबरटपणा तिनं सोसला होता, फुशारकीही सोसली होती. पण ह्या पोराला दाराशी गवत उगवेपर्यंत पालथं पाडायला हा माणूस निघाला होता, कशासाठी, तर एका बाईचं नाव तोंडातून निघू नये म्हणून. तिला त्याची किळस आली.

शुक्रवारी तिनं समाधानला निरोप धाडला. दस्तगीर नेहमीसारखा पालथा पडलेला, पायजमा खाली, जोहराबीच्या हातात वस्तरा. ओसरीवर पावलं वाजली.

"कोण हाय?"

"समाधान. पुण्याला निघालाय, ऑपरेशनला. मीच बोलावलंय." तिनं वस्तरा मिटला. "तुमी सांगताय का मी आत आणून दोन्ही व्रण दाखवू? पुण्याचा वीतभर, बाईचा डाळीएवढा. बघून ठरवंल तो."

दस्तगीरनं चादर ओढायला हात मागं नेला. चादर जोहराबीनं आधीच उचलून ठेवली होती.

त्यानं उशीत तोंड खुपसलं. मग ओरडला, "समाधान! हितनंच ऐक, आत नगं येऊ. पुण्याचं परत आलं व्हतं. मंचरला जा. छोटं काम भागतंय का ते आधी दाखव. मला त्यांनीच बरं केलं."

"मंचरला? तिथं तर बाई हाय ना, भाई?" बाहेरून आवाज आला. "बाईसमोर कसं काय, राव… इज्जत हाय का न्हाई?"

जोहराबीनं नवऱ्याच्या पाठीकडं बघितलं. मानेपासून खालपर्यंत लाल झाली होती.

"मग बस जन्मभर एका कुल्ल्यावर," दस्तगीर म्हणाला.

जोहराबीनं वस्तरा उघडला.