व्याही, मी आणि तीनशे जीएसएमचा कागद

माझी सगळी नोकरी खरेदी विभागात गेली. बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पुठ्ठ्याच्या खोक्यांपासून साहेबांच्या खुर्चीपर्यंत जे काही लागेल ते निवडून आणायचं, हे माझं काम. त्यामुळे निवृत्त झालो तेव्हा माझी अशी पक्की समजूत होती, की विकत मिळणारी कुठलीही वस्तू माझ्यापुढे ठेवा, मी ती दाबून, खरवडून, उजेडात धरून तिची जात सांगेन. बायकोला ही समजूत मान्य नव्हती. मी आणलेली वांगी चिरताना ती म्हणायची, "तुमच्या कारखान्याला वांगी लागत नव्हती, हे त्या कारखान्याचं नशीब."

निवृत्तीनंतर दोनेक महिन्यांत मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर द्यायला लागलो. तिसऱ्या फळीवर चिठ्ठ्या चिकटवत असताना बायकोनं माझ्या हातातला डिंक काढून घेतला. भिगवण रस्त्याला औषधांच्या एका दुकानावर रविवारचा चित्रकलेचा वर्ग सुरू होत होता. "जलरंग, अगदी नवशिक्यांसाठी" असं पाटीवर लिहिलं होतं. ती पाटी मी वाचली नव्हती, तिनं वाचली होती. तिनंच माझं नाव घातलं.

मला चित्रकलेतलं काही येत नव्हतं. पण नाव घातल्याबरोबर माझ्या बोलण्यात कलावंताचा सूर आला. त्याच आठवड्यात माझ्या मुलीच्या सासऱ्यांचा फोन आला. हे माझे व्याही इंदापूर तालुक्यात उजनी धरणाच्या पाण्याच्या कडेला राहतात. ऊस, थोडं डाळिंब, गळ्यात तुळशीची माळ आणि बोलणं अतिशय अदबीचं. मुलीचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी एकमेकांना एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे जेवायला बसलो की नको असलेली भाकरी मुकाट्यानं खायचो. ते आमच्याकडे आले की माझ्या बायकोनं केलेला उपमा दोनदा मागून घ्यायचे.

"काय चाललंय पाव्हणं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, जरा जलरंग," मी म्हणालो. जणू पुढच्या आठवड्यात माझं प्रदर्शन होतं.

मग ते म्हणाले, "मलाबी घ्या की त्यात. ल्हानपणापासनं लई मनात हाय."

आता नाही कसं म्हणणार? झाले तेही वर्गात दाखल. दर रविवारी मोटारसायकलवरून इंदापूरहून यायचं त्यांनी कबूल केलं.

शिकवणाऱ्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी सगळ्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप केला आणि काय काय आणायचं ते कळवलं. लाल, पिवळा, निळा अशा तीन ट्यूबा. मध्यम जाडीचा एक गोल ब्रश. पाण्याला दोन डबे, एक जुनं फडकं आणि तीनशे जीएसएमचा कागद. शेवटी लिहिलं होतं, "एवढंच पुरेल. उगाच जास्त घेऊ नका." ही शेवटची ओळ बाकीच्यांसाठी आहे असं मी धरलं.

जीएसएम हा शब्द बघितला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. कागदाच्या एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम, ते सांगणारी ही अक्षरं. खोक्यांचे पुठ्ठे घेताना मी आयुष्यभर हाच जप केला होता. इतक्या वर्षांत कुणी मला माझ्या विषयातलं विचारलं नव्हतं, आणि आता तर चित्रकला चालत माझ्या अंगणात आली होती. मी लगेच ग्रुपवर लिहिलं, "कागदाची जबाबदारी माझ्यावर सोपवावी. सर्वांसाठी एकत्रित खरेदी करतो." भराभर जोडलेले हात आणि अंगठे आले. मॅडमनी तेवढं लिहिलं, "काका, वॉटरकलरचाच बघा हं." मी उत्तर दिलं, "निश्चिंत राहा. मी याच क्षेत्रातला आहे."

वर्गाच्या आदल्या दिवशी व्याही आणि मी सामान घ्यायला निघालो. वह्या-पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानात चित्रकलेचं कपाट होतं. दुकानदारानं विचारलं, "ट्यूब बारा रंगांच्या देऊ की चोवीस?"

खरं तर आम्हाला तीन हव्या होत्या. मी व्याह्यांकडे बघितलं.

"तुमी म्हणाल तसं," ते म्हणाले.

तीन म्हणालो असतो तर मुलीचा बाप चिक्कू निघाला असता. बारा म्हणजे अर्धवट मन. मी म्हणालो, "चोवीस." लगेच त्यांनीही चोवीस घेतल्या, कारण बारा घेतल्या तर मला कमीपणा वाटेल असं त्यांना वाटलं. हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

मग ब्रश. दुकानदारानं एक मऊसूत ब्रश काढून माझ्या गालावरून फिरवला. "खारीच्या केसांचा. पाणी चांगलं धरतो."

व्याह्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "खारीच्या? जित्या खारीचं काढत्यात का?"

"शेपटीचे असतात, काका," दुकानदार म्हणाला. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा.

"मग शेपूट कुठनं आली?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी खरेदीतला जाणकार. मी घसा साफ करून म्हणालो, "नैसर्गिक गळती असावी."

व्याही माळेवरून बोट फिरवत उभे राहिले. मी मुकाट्यानं माझ्या हातातला ब्रशही परत ठेवला आणि आम्ही दोघांनी नायलॉनचे घेतले. एकाऐवजी सात सात, कारण पाकीट तसंच होतं. त्यानंतर रंग कालवायची तबकडी, पाणी उडवायची बाटली, चिकटपट्टी, स्पंज. शेवटी कोपऱ्यात चित्र ठेवायचा लाकडी तिकाटणा दिसला. व्याही म्हणाले, "पाव्हण्यांना हुबं ऱ्हाऊन काढायचं असंल तर?" माझा तसा काही विचार नव्हता, पण तिकाटणाही घेतला. दुकानदारानं आम्हाला आतल्या खोलीत बसवून चहा पाजला, यावरून काय ते समजा.

त्यानं कागदही दाखवला होता. मी अंगठा फिरवला. खरखरीत, बारीक खड्ड्याखड्ड्यांचा. "याला फिनिशिंग नाही," मी म्हणालो. व्याह्यांनीही बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि कागद हळूच खाली ठेवला.

तिथून आम्ही लग्नपत्रिका छापणाऱ्या माझ्या एका ओळखीच्याकडे गेलो. त्याच्याकडे तीनशे जीएसएमचा कागद होता. कडक, पांढराशुभ्र, वरून अशी चकाकी की वाकून बघितलं तर आपला टक्कल पडलेला माथा दिसावा.

"काय छापायचंय?" त्यानं विचारलं.

"छापायचं न्हाय," व्याही अभिमानानं म्हणाले. "पाव्हणं चित्रं काढणार हायत."

सगळ्या वर्गाला पुरेल एवढा गठ्ठा मी कापून घेतला.

रविवारी सकाळी आम्ही पहिले हजर. मॅडमना यायला उशीर झाला, कारण रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. तेवढ्यात मी प्रत्येकाच्या टेबलावर कागद ठेवला, चिकटपट्टीनं चारी बाजूंनी चिकटवून दिला, आणि कागदाचं वजन म्हणजे काय यावर न विचारता छोटं भाषण केलं. एक नर्सबाई, कॉलेजच्या दोन मुली, किराणा दुकानदाराची बायको, सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. माझा स्वतःचा कागद तिकाटण्यावर उभा होता.

मॅडम धापा टाकत आल्या आणि आल्या आल्या सुरुवात केली. "आधी नुसतं पाणी. ब्रशनं सगळा कागद ओला करा. मग वरून निळा सोडायचा, तो आपोआप पसरतो. तेच आपलं आभाळ."

आम्ही पाणी लावलं. पाणी लागेना. त्याचे मणी झाले, मणी एकमेकांकडे पळाले, गोळा झाले आणि कडेकडेनं निघाले. वरून निळा सोडला तर तो त्या मण्यांवर स्वार होऊन टेबलाच्या खाली उतरला. नर्सबाई म्हणाल्या, "सर, हा कागद पाणी पीतच नाही हो." कॉलेजच्या मुली पाय वर घेऊन बसल्या. व्याह्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर निळा ओघळ आला. ते म्हणाले, "असू द्या, असू द्या. झ्याक हाय." माझं आभाळ उभं असल्यामुळे सरळ माझ्या बुटांवर आलं.

मॅडमनी एक कोरा कागद उचलून खिडकीपाशी नेला. "काका, हा कुठला कागद?"

"तीनशे जीएसएम," मी म्हणालो. "वजन करून बघा."

"वजन बरोबर असेल. पण हा लग्नपत्रिकेचा आहे."

मग किराणा दुकानदाराच्या बायकोला हसू फुटलं, आणि ती हसतेय म्हणून सगळा वर्ग हसायला लागला. मी पुसण्यासारखं काही नसताना चष्मा पुसत राहिलो. नोकरीत एकदाही माल नापास झाला नव्हता असं नाही, पण तेव्हा दोष द्यायला समोर पुरवठादार तरी असायचा. इथे मीच पुरवठादार, मीच तपासनीस.

तेवढ्यात व्याही उभे राहिले. निळा पायजमा हातानं झटकत म्हणाले, "मॅडम, कागद माझ्या पाव्हण्यांनी आनलाय. त्यो वाया जाऊ द्यायचा न्हाय. ह्याच्यावर जे व्हतंय त्ये शिकवा."

मॅडम विचारात पडल्या. त्यांनी ओलं फडकं घेतलं, कागदावरून फिरवलं. रंगाचा मागमूस राहिला नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "आज पाटी समजा. ब्रश कसा धरायचा, बारीक रेघ कशी, जाड कशी, दोन रंगांतून तिसरा कसा होतो. काढा आणि पुसा." मग बारा वाजेपर्यंत आम्ही काढत आणि पुसत बसलो. मॅडमनी माझ्या चोवीस ट्यूबांतल्या तीन बाजूला काढून बाकीच्या पिशवीत परत ठेवायला सांगितल्या. तिकाटणा भिंतीला टेकवायला लावला. तिथे कुणी तरी त्यावर छत्री अडकवली.

वर्ग सुटल्यावर आम्ही रसवंतीच्या बाकावर बसलो. मी म्हणालो, "आबा, तुमचा पायजमा घालवला मी."

"पायजम्याचं काय त्ये?" त्यांनी रसाचा घोट घेतला. मग पेल्यात बघत म्हणाले, "खरं सांगू का? दुकानात त्यो खरखरीत कागद हाताला लागला, तवाच वाटलं हुतं ह्योच घ्यावा. पर तुमी पडला खरेदीतलं मानूस. आन त्यात व्याही. कसं बोलायचं?"

"अहो, बोलायचं की!"

"बोलू म्हंता?"

"बोला."

त्यांनी पेला खाली ठेवला. "मग त्ये चोवीस रंगबी नगं हुतं मला. आन विहीणबाईंना सांगू नका, पर उपमा मला आजाबात आवडत न्हाय."

मला इतकं हसू आलं की रस नाकात गेला. मीही सांगून टाकलं की तुमच्याकडची शेवटची भाकरी मी पाण्याबरोबर गिळतो. मग आम्ही तसेच उठून दुकानात गेलो आणि तो खरखरीत कागद घेतला. दुकानदारानं दुसरं काही दाखवायला हात वर केला, तसा व्याह्यांनी माझा दंड धरून मला बाहेर काढलं.

पुढे थंडीत मॅडमनी सगळ्या वर्गाला उजनीच्या पाण्यावर नेलं, व्याह्यांच्या शेतापासून जवळच. पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरले होते. मी त्यांच्यावर तुटून पडलो. गुलाबी रंगाची अख्खी ट्यूब त्यात खपली. व्याह्यांनी पक्षी काढलेच नाहीत. नुसतं पाणी काढलं, आणि लांब चिखलाची एक तपकिरी पट्टी. मॅडम त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि उभ्याच राहिल्या. माझ्यामागे त्या आल्या तेव्हा "छान प्रयत्न" म्हणून पुढे गेल्या. साठी उलटलेल्या माणसाला व्याह्यांचा हेवा वाटावा हे शोभत नाही, पण वाटला.

दुपारी माझी मुलगी सगळ्यांसाठी चहा घेऊन आली. तिनं आधी सासऱ्यांचं चित्र बघितलं, मग माझं. डोकं एका बाजूला कलवून म्हणाली, "बाबा, पाण्यात जास्वंद कशी फुलली?"

मी म्हणालो, "लांबून बघायचं असतं ते."

ती खरंच लांब जाऊन उभी राहिली. तिथून तिनं सासऱ्यांना विचारलं, "आबा, तुम्हाला काय वाटतं?"

व्याह्यांनी चहाची बशी गवतावर ठेवली, माझं चित्र हातात घेतलं, जवळून बघितलं, लांब धरून बघितलं. मग ते माझ्या मांडीवर ठेवत म्हणाले, "पाव्हणं, ह्ये काय जमलं न्हाय. पुन्यांदा काढा. अजून उजेड हाय."

मुलगी चपापून माझ्याकडे बघायला लागली. मी डब्यातलं गढूळ पाणी ओतून दिलं आणि तिला म्हणालो, "जा, घरून स्वच्छ पाणी आण जरा."