डावीकडे कललेली सीट

सुईबाईंच्या घरात सोफा नव्हता, पण एका दुर्मिळ ब्रिटिश स्पोर्ट्स कारची सीट होती. बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, लाकडी चौकटीवर घट्ट बसवलेली. येणारा-जाणारा विचारायचा, "बाकीची गाडी कुठाय?"

"कारखान्यात. इथे मावली नाही," सुईबाई सांगायच्या.

लोक हसायचे. त्यात हसण्यासारखं काय आहे, ते सुईबाईंना कळायचं नाही. खरोखरच मावली नव्हती.

लग्नाआधी त्या शाळेची दप्तरं शिवायच्या, लग्नानंतर सोफ्याची कव्हरं. मग जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्याच्या उस्तादांनी कुठेतरी त्यांचा टाका पाहिला आणि त्यांना बोलावून घेतलं. तेव्हापासून गाडीत जिथे जिथे सुई जाते तो सगळा मुलूख सुईबाईंचा. सीटा, छत, दारांचं अस्तर. इंजिनाकडे त्यांनी इतक्या वर्षांत ढुंकूनही पाहिलं नाही. तिथे सुई जात नाही, मग आपलं काय काम?

आता या गाड्यांबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्या शहाण्या गाड्या नव्हेत. बाहेरचा पत्रा ॲल्युमिनियमचा, हाताने ठोकून ठोकून वळवलेला. आत सांगाडा चक्क लाकडाचा. एक दार दुसऱ्यापेक्षा बोटभर लहान, कारण दोन बाजू दोन कारागिरांनी केल्या आणि दोघांचाही मोजपट्टीपेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त विश्वास. साध्या गाडीत याला चूक म्हणतात, या गाडीत खानदान म्हणतात. इंजिनाखाली तेल गळायला कायम एक परात ठेवलेली. परात कोरडी दिसली की उस्तादांना आनंद वगैरे होत नसे. ते आधी इंजिनात तेल शिल्लक आहे का ते बघायचे.

तर अशी एक गाडी कारखान्यात आली. गाडीमालक वयस्कर गृहस्थ, कमी बोलणारे. बायको गेल्यापासून त्यांनी गाडी शेडमध्ये लावून टाकली होती. कुणी फिरकत नाही म्हटल्यावर उंदरांनी शेजारच्या सीटमध्ये संसार थाटला. चामडं कुरतडलं, आतले घोड्याचे केस उपसून पोरांना गादी केली. चालवणाऱ्याच्या सीटला मात्र तोंड लावलं नाही.

"गाडी चालवायची त्यांचीही हिंमत झाली नसेल," उस्ताद म्हणाले.

सुईबाईंनी शेजारची सीट नव्याने केली. खाली स्प्रिंगा, वर घोड्याचे केस, त्यावर चामडं, कडेने गोट. टाक्याला नाव ठेवायला जागा नाही. पण गाडीत जुन्या सीटशेजारी बसवली, तर जुन्या दातांच्या रांगेत कवळीचा एक दात बसवावा तसं ते दिसत होतं.

गाडीमालक आले, त्यांनी पाहिलं. "काम उत्तम आहे," ते म्हणाले. "पण शेजारी कुणी परकी बाई बसल्यासारखं वाटतं." आणि गेले.

उस्तादांच्या जिवाला ते लागलं. त्यांनी चामड्याला तेल चोळून पाहिलं, रंग उतरवून पाहिला, पॉलिश पेपर घासून पाहिला. शेवटी हात टेकले. "रंग म्हातारा झाला हो, पण बैठक कुठून आणू? त्याला रोज कुणीतरी बसायला पाहिजे. ऊब लागायला पाहिजे." कारखान्यातल्या माणसांना बसवून बघितलं, पण त्यांचे कपडे तेलकट आणि अंगात चुळबुळ. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्या घरी कुणी आहे का बसणारं?"

सुईबाईंच्या घरी बसणारं कुणी नव्हतं. निजणारं होतं.

सासरे गेले त्या दिवसापासून सासूबाईंनी आतल्या खोलीत अंथरूण धरलं होतं. भिंतीकडे तोंड, जगाकडे पाठ. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, पण या उठून बसल्या नाहीत तर पाय कायमचे जातील, मग कुणी उठवू म्हटलं तरी उठवता येणार नाही. मुलाने विनवण्या केल्या, शपथा घातल्या, एकदा आवाजही चढवला. सासूबाईंचं एकच, "कुणासाठी बसू?" सुईबाईंनी याचा धसका घेतला होता. त्यांचा सासूवर जीव होता. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती, सासूला तर नाहीच नाही.

त्यांनी टेम्पोतून सीट घरी आणली, चौकटीवर बसवली आणि आतल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"आई, कामाची सीट आणलीय. तुमच्यासाठी नाही आणलेली. कुणीतरी रोज बसून ती मऊ करायची आहे. शेजारच्या काकूंना विचारते."

भिंतीकडून आवाज आला, "ती? ती बसली तर स्प्रिंगा राहतील का?"

"मग काय करू?"

"हात दे," सासूबाई म्हणाल्या. "कसं बसायचं ते एकदा दाखवते. मग ने तिच्याकडे."

ती सीट काकूंकडे गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच हाक मारली. आठवडाभरात त्यांनी त्याची नोकरी करून टाकली. सकाळचा चहा झाला की बैठक सुरू, जेवायला सुट्टी, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत. कुणी भेटायला आलं की म्हणायच्या, "बोल, पण थोडक्यात. मी कामावर आहे." सीटला दुसऱ्या कुणाची पाठ लागू देत नव्हत्या. पोटच्या पोराला एकदा असं फटकारलं की तो बिचारा जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचू लागला. "तुझ्या उस्तादांना सांग, पाठ जरा कडक ठेवलीय," असा निरोपही गेला. उस्तादांनी तो गंभीरपणे ऐकून घेतला.

सुईबाईंनीही शिवणकाम घरी आणलं. समोरच्या भिंतीशी मशीन लावून त्या घडघड शिवत बसायच्या. एक डोळा टाक्यावर, एक सासूच्या पायांवर. आधी धरून चालणाऱ्या सासूबाई पुढे पुढे पाण्याचा पेला स्वतः आणू लागल्या. बसल्या की मात्र डोळे मिटून घ्यायच्या.

"आई, झोपलात का?"

"लक्ष देऊन बसलेय. तू तुझं बघ."

एकच गोची होती, आणि ती ध्यानात यायला उशीर झाला. सासूबाई डावीकडे कलायच्या. सीटची डावी कड पार दबून गेली, उजवी जशीच्या तशी फुगलेली. कमरेचं दुखणं असणार, असं सुईबाईंनी धरलं. "आई, सरळ बसा ना," म्हटलं, तर उत्तर आलं, "सरळच बसलेय." डावीकडे उशी लावली, तर ती मशीनवर परत फेकण्यात आली.

सीट कारखान्यात न्यायचा दिवस उजाडला. टेम्पो आला, सीट निघाली. सासूबाईंनी चौकट रिकामी झालेली पाहिली, आत गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

कारखान्याकडे जाताना सुईबाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःच्या कामाचं वाईट चिंतलं. मालकांना सीट पसंत पडू नये. 'घेऊन जा परत' म्हणावं त्यांनी, एवढंच त्या मनात घोकत होत्या.

सीट बघून उस्तादांनी कपाळावर हात मारला. "रंग झकास, सुरकुत्या झकास. पण बाई, ही दाराकडे कललीय! चालवणारा उजवीकडे बसतो. गाडीतून नवराबायको निघाले तर बायको नवऱ्याकडे कलेल की दाराकडे?"

"ते नवऱ्यावर आहे," सुईबाई म्हणाल्या.

गाडीमालक आले. आपल्या जागेवर बसले, दार ओढून घेतलं. मग डावीकडे वळले आणि बघतच राहिले. दबलेल्या कडेवर त्यांनी हात ठेवला.

उस्ताद घाईघाईने म्हणाले, "थोडं इकडचं तिकडे झालंय साहेब, आठ दिवसांत पुन्हा..."

"अशीच," मालक म्हणाले. "अगदी अश्शीच बसायची. दाराला टेकून, तोंड काचेकडे. गाडी निघाली की लगेच. एक शब्द बोलायची नाही. जन्मभर माझ्यावर रागावलेली होती हो. का, ते विचारायचं राहून गेलं." त्यांनी हात काढला नाही. "राहू दे अशीच. परवा घेऊन जातो."

उस्तादांनी स्वच्छ हात पुन्हा फडक्याला पुसले. सुईबाईंना एकाच वेळी त्या माणसासाठीही रडू आलं आणि स्वतःसाठीही. सीट पास झाली होती.

घरी आल्या तशा त्या सरळ आतल्या खोलीत गेल्या आणि अंथरुणाच्या कडेला बसल्या. खोटं बोलायचं त्यांना सुचलं नाही.

"आई, सीट पसंत पडली. आता परत यायची नाही."

सासूबाईंनी चादर खांद्यावर ओढून घेतली.

सुईबाई सांगत राहिल्या, कारण गप्प बसणं त्याहून अवघड होतं. मालक कसे बसले, कडेवर हात कसा ठेवला, बायको दाराला टेकून कशी बसायची, जन्मभर कशी रागावलेली होती, सगळं.

"काय म्हणाला?" सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

"रागावलेली होती म्हणाले."

सासूबाई वळल्या. "मूर्खच दिसतोय. अगं, रागावलेली बाई ताठ बसते! मी तुझ्या सासऱ्यांवर रागावले की पाठ टेकवत नसे. कलायचं तर अंग सैल सोडावं लागतं. ती झोपायची. गाडी निघाली की लगेच, असं म्हणाला ना? झोपायची ती."

"एवढ्या आवाजाच्या गाडीत?"

"चालवणारा आपला असला की आवाजाचं काही वाटत नाही." सासूबाई कोपरावर उठल्या. "मी तरी काय करत होते त्या सीटवर? झोपतच होते."

"तुम्ही तर कामावर होतात."

"इथे नुसती पडते गं, डोळ्याला डोळा लागत नाही. तिथे तुझं मशीन सुरू झालं की मला झोप लागायची."

सुईबाईंनी चादरीची कड उगाच दुमडली, पुन्हा सरळ केली.

"रडतेस कसली? त्याला कुणी सांगितलं का हे?"

"कोण सांगणार? सांगू का मी उद्या?"

"तुला नाही जमायचं. तू जाशील, टाके बघशील आणि परत येशील. मी सांगते." सासूबाईंनी पाय खाली सोडले. "माझ्या चपला कुठायत?"

चपला कुठे आहेत ते सुईबाईंना पटकन आठवेना. वर्षभर लागल्याच नव्हत्या. शेवटी कपाटामागे सापडल्या, धुळीने भरलेल्या. त्यांनी पदराने पुसल्या आणि खाली बसून सासूच्या पायात सरकवल्या. एकीचा पट्टा उसवला होता.

"थांबा, दोन टाके घालते."

"आल्यावर घाल," सासूबाई म्हणाल्या आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "परवा तो गाडी घेऊन जाईल. त्याआधी हे त्याच्या कानावर घालायचंय."