ओळ नंबर चाळीस

एटापल्लीच्या पुढच्या त्या शाळेत मी जनरेटरबरोबर आलो. हे असंच झालं, म्हणून असंच लिहितो. एका तंबू सिनेमाचा जनरेटर सांभाळत वेंगुर्ल्याकडून निघालो होतो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला तेवढंच जमत होतं. इकडे जंगलात आल्यावर तंबू फाटला, मालक गावी गेला, जनरेटर शाळेने घेतला. तो चालू करायचा तर हँडल कसं मारायचं हे मलाच ठाऊक. मुख्याध्यापक चिमूरकडचे. त्यांनी मला वर्गामागची एक खोली दिली, घरून डबा पाठवला आणि म्हणाले, "राहा बाप्पा इथीच. मशीन आहे तवर तू आहे."

हे वाक्य त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं. मी मात्र ते रोज उलटं करून घोकत असे: मशीन गेलं की मी गेलो.

दोन वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, शाळेला कॉम्प्युटर आला. वीज नसलेल्या शाळेला तो का आला, हे विचारायची हिंमत कोणी केली नाही, न जाणो, परत नेतील. विज्ञानाचे सर नागपूरला दहा दिवस शिकून आले होते. त्यांनी नववीला बसवलं, एक प्रोग्राम शिकवला आणि पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली. मुख्याध्यापक माझ्याकडे बघून म्हणाले, "वायरचं तुले समजते ना? मग हेही वायरचंच आहे."

असा मी कॉम्प्युटरचा मास्तर झालो. मशीनच्या चाव्यांवर सगळी इंग्रजी अक्षरं होती आणि माझं इंग्रजी मोठ्या ए-बी-सी-डीशी संपत होतं.

सरांनी जाता जाता एक व्यवस्था लावून दिली होती. जनरेटर अधूनमधून बंद पडायचा आणि पडला की मशीन सगळं विसरायचं. टेपवर साठवायचं तर टेपरेकॉर्डर शाळेच्या गॅदरिंगमध्ये बिघडलेला. म्हणून प्रोग्रामची एकेक ओळ एकेका पोराला पाठ. मशीन विसरलं तर विसरू दे, नववी विसरत नाही. ओळींचे नंबर दहा, वीस, तीस असे असतात. तेव्हा हजेरीचा नंबर एक म्हणजे ओळ दहा, नंबर दोन म्हणजे वीस.

"दहा-दहाच्या फरकानं काऊन?" मुख्याध्यापकांनी विचारलं होतं.

"मध्ये कोणाची अॅडमिशन झाली तर," सर म्हणाले. आणि खरंच, दिवाळीनंतर एक मुलगा आला, त्याला ओळ पस्तीस मिळाली.

प्रोग्राम सतराच्या पाढ्याचा होता. त्याला पाच-सहा ओळी पुरल्या असत्या, पण वर्गात चौदा पोरं. उरलेल्यांना सरांनी अशा ओळी दिल्या की मशीन त्या वाचतं आणि काही न करता पुढे जातं. त्या ओळींची पोरं सर्वांत मोठ्याने पाठांतर करायची.

मी एकच नियम घातला: दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा नाही. नाहीतर चाव्यांवर मारामारी व्हायची. नियम इतका बसला की आजारी पोराची ओळ शेजाऱ्याला येत असली तरी तो तोंड मिटून बसे. दुसऱ्याची हजेरी आपण कशी द्यायची?

मार्चमध्ये निरोप आला. जिल्ह्याचे साहेब मशीन बघायला येणार. पोरं चालवत असतील तर राहील, नाहीतर दुसऱ्या शाळेला जाईल. मशीन गेलं तर जनरेटर कशाला? आणि साहेबांनी मलाच विचारलं, मास्तर, तुमचं शिक्षण काय, तर?

साहेब अकराला यायचे होते, त्या दिवशी सकाळी आठला सगळी पोरं आली, फक्त ओळ चाळीस नव्हती.

"कुठी गेली?" मी विचारलं.

"मोह पडून राह्यला ना सर," ओळ तीस म्हणाली. "सकाळीच वेचा लागते. नाई वेचला तर ढोरं खातेत."

ओळ चाळीस म्हणजे पाढा दहापाशी थांबवणारी ओळ. ती नसेल तर सतराचा पाढा चालूच राहतो. एकदा चालला होता तसा, मी जनरेटर बंद करीपर्यंत. मला ती पाठ नव्हती, लिहिलेली कुठे नव्हती. मी वर्गाला हात जोडले, कोणाला येत असेल तर सांगा. पस्तीसला नक्की येत होती. तो म्हणाला, "सर, तिची ओळ आहे. तुमीच तं नियम केला."

मुख्याध्यापक घामेघूम झाले. "तू सायकल घे. अकराच्या आत घेऊन ये तिले."

ती जंगलात, दीड तासाच्या वाटेवर, एका मोठ्या मोहाखाली एकटीच टोपली घेऊन वाकलेली होती. झाडाखालची जमीन जाळून स्वच्छ केलेली, तिच्यावर मोहाची पिवळी फुलं. आई नाल्यापलीकडे दुसऱ्या झाडाखाली.

"चल," मी म्हणालो. "साहेब येतायत. तुझी ओळ."

"हे कोण वेचन सर?" तिने शांतपणे विचारलं. "झाड सोडलं तर अस्वल येते."

"तर मग ओळ मला सांग. मी जाऊन टाकतो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. मग ती म्हणाली, "तुमी वेचा. मी जातो." टोपली माझ्या हातात दिली, सायकलवर टांग टाकली आणि वळून ओरडली, "अस्वल दिसलं तर पाढा म्हणा, मोठ्यानं!"

अकराला शाळेत तपासणी, आणि शाळेचा कॉम्प्युटर मास्तर जंगलात मोह वेचतोय. काही सुचेना, म्हणून वेचू लागलो. झुडपात काहीतरी खसखसलं. मी सतराचा पाढा सुरू केला. सहापर्यंत गेलो, पुढचं आठवेना, पुन्हा पहिल्यापासून. ती एक गाय होती. ती माझा पाढा ऐकत उभी राहिली आणि मधूनमधून मोह खात राहिली.

मग नाला ओलांडून मुलीची आई आली. आधी तिने टोपली पाहिली, मग मला. गोंडीत काहीतरी विचारलं. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "लाईन चाळीस." तिने मान हलवली, माझ्या टोपलीतला अर्धा पालापाचोळा काढून टाकला, गायीला हाकललं आणि मला झाडाच्या दुसऱ्या बाजूला कामाला लावलं.

पायी शाळेत पोचलो तेव्हा दुपार कलली होती, जीप गेली होती. मुख्याध्यापकांचा पांढरा शर्ट डिझेलने काळा झालेला. मला रोज बघून बघून शिकलेलं हँडल त्यांनीच मारलं होतं.

"पाढा थांबला?" मी विचारलं.

"दहावर! बरोबर एकशे सत्तरवर थांबला. साहेबानं टाळी वाजवली."

मी तिथेच पायरीवर बसलो.

"पण मंग त्यानं विचारलं, शिकवणारे कुठी आहेत? मी म्हणणार होतो, तब्येत बरी नाई. तेवढ्यात तुयी ओळ चाळीस उभी राह्यली. म्हणे, सर माझ्या जागी मोह वेचून राह्यले."

मुख्याध्यापकांनी भेटीचं पुस्तक पुढे केलं. साहेबांनी शेरा मारला होता: विद्यार्थ्यांची प्रगती चांगली. तपासणीच्या वेळी संगणक शिक्षक मोहाच्या झाडाखाली होते. याबाबत त्यांनी आठ दिवसांत लेखी खुलासा सादर करावा.

मी ते तीनदा वाचलं. मग माझं बोचकं बांधायला उठलो.

"कुठी चालला?" मुख्याध्यापक हसायला लागले. "येडा आहे का तू? सरकारनं तुले लेखी शिक्षक म्हटलं! आता तुयी चौकशी चालू झाली. चौकशी चालू असलेल्या माणसाले काढता येत नाई आन् मशीन बी हलवता येत नाई. तो पुरावा आहे."

आम्ही दोघांनी बसून खुलासा लिहिला. ते सांगत होते, मी लिहीत होतो. "मी, खाली सही करणारा संगणक शिक्षक" इथे माझा हात थांबला. ते म्हणाले, "लिही ना. साहेबाचाच शब्द आहे." मी लिहिलं. शिक्षण किती, हे त्या कागदावर कुठेच विचारलेलं नव्हतं. त्या माणसाचे उपकार मी कधी फेडू शकलो नाही. त्या दिवशी तर त्यांच्या शर्टाला साबणसुद्धा लावून दिला नाही.

पावसाळा संपता संपता जिल्ह्याहून उत्तर आलं: खुलासा असमाधानकारक आहे, पुन्हा सादर करावा.

मुख्याध्यापकांनी तो कागद दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला. "झालं," ते म्हणाले, "तुयं पुढचं वर्ष निघालं."