घरातली पाच माणसं

रत्नमाला मेश्राम कारध्याची. वैनगंगेचा पूल ओलांडून रोज स्कूटीने भंडाऱ्याला येते आणि आमच्या मानसोपचाराच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून लोकांच्या घरातली भांडणं ऐकते. मी तिथे खिडकीवर बसून केसपेपर लिहितो. अकरा वर्षांत मला माणसांबद्दल प्रेम असं उरलेलं नाही. तिला अजून आहे, याचा कधीकधी मला रागच येतो.

कारण येणारी मंडळी पेशंटला मिक्सरसारखं आणतात. बिघडलंय, दुरुस्त करून ठेवा, आम्ही चहा पिऊन येतो! रत्नमाला त्यांना चहाला सोडत नाही. सगळ्यांना समोर बसवते, कोण कोणाशेजारी बसतं ते बघते, आणि सुनेला काय वाटत असेल ते सासूला विचारते. पुण्याहून शिकवायला आलेल्या एका साहेबांनी दोन दिवस पडद्यावर या सगळ्याला भारी भारी नावं दिली होती. त्यातलं मला फक्त जेवण आठवतं.

लाखनीच्या तेजरामने ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत सुनेला आणलं, तेव्हा तिचा आवाज जाऊन तीन महिने झाले होते. नागपूरला गळा तपासून झाला होता, गळ्यात काही नव्हतं.

"नाव?" मी तिला विचारलं.

"रश्मी," तेजराम म्हणाला.

"जेवण जातं का?"

"जाते," सासू बेबीबाई म्हणाली.

"झोप?"

"लागते," नवरा जीवन मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला.

वा रे घर! तिने आवाज ठेवायचा तरी कुठे? घरात माणसं किती, हे मी तेजरामलाच विचारलं. तो म्हणाला पाच, मी लिहिलं पाच.

"महिनाभरात बोलली नाही, त माहेरी पोचवून देतो," तो तिच्या तोंडावर म्हणाला. रश्मीने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

रत्नमाला एवढंच म्हणाली, "आजार एकट्या हिचा नाही. पुढच्या सोमवारी घरातले सगळे या."

आले की! गाडी करून आले. तेजराम, बेबीबाई, जीवन, धाकटा मुलगा गोलू, आणि लग्न होऊन तुमसरला गेलेली मुलगी डिंपलसुद्धा. रत्नमालाने केसपेपरवरचे पाच आणि रश्मी अशा सहा खुर्च्या मांडल्या होत्या, एक रिकामी राहिली.

"रश्मी कुठं आहे?" तिने विचारलं.

"तिले कायले आणाव?" बेबीबाईला खरोखर आश्चर्य वाटलं. "रोवण्याच्या बाया लागल्या हायेत, त्याइचं कोण रांधल? घरी कोणीतरी पायजे ना!"

"तुमीच त म्हणलं, घरातले या," तेजराम म्हणाला.

मी केसपेपर काढून पाहिला. पाच. माझ्याच वळणदार अक्षरात. पेशंट धरून की सोडून, हे विचारायचं माझ्याही टाळक्यात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

रत्नमालाने आवाज चढवला नाही. "पुढच्या सोमवारी फक्त ती येईल. तुम्ही पाचही जण घरी राहा. रांधा, वाढा."

तेजराम उठलाच. "असं असन त उद्याच पोचवतो माहेरी."

"पोचवा. पण माहेरी गेल्यावर ती बोलली, त सगळ्या लाखनीले समजल, आजार कोणाच्या घरात होता."

तेजराम खाली बसला. सुनेची काळजी नव्हतीच कधी, गावाची होती. अशा माणसांना तीच भाषा कळते.

पुढच्या सोमवारी रश्मी एसटीने आली. खिडकीशी उभी राहिली. "नाव?" मी विचारलं, आणि सवयीने तिच्या मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मी थांबलो. बराच वेळ थांबलो.

"रश्मी." घोगरा, फाटका आवाज, पण तिचा.

"आणि घरचे?"

"घरीच हायेत," ती म्हणाली. "घरी कोणीतरी पायजे ना."